‘अस्पृश्य’ हा शब्द कोठून काढावा आणि कोठे ठेवावा

पंचवटीतील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या शिक्षणसंस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेचे संपादन त्यांच्याकडे आहे. पत्र मोठे आहे, म्हणून त्यातील आवश्यक तेवढा भाग येथे देतो. त्या लिहितात : “संस्थेच्या प्रारंभीच्या दिवसांबद्दल मी असे लिहिले होते, की ‘शहरातील प्रतिष्ठितांनी त्या काळी आम्हाला अस्पृश्यच ठरवले होते.’ दुसऱ्या एका लेखात, आमच्या माजी विद्यार्थ्याच्या धावण्याच्या विक्रमाबद्दल, मूळ इंग्रजी मजकुराचे भाषांतर करताना ‘त्याचा विक्रम आजही अस्पृश्य आहे’ असे वाक्य आले. संपादन समितीत आमचे एक निवृत्त सहकारी आहेत, ज्यांना आम्ही सर्व जण सर म्हणतो. ते बौद्ध असून त्यांचे आजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. सरांनी मुद्रितावर या दोन्ही शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि काहीही न लिहिता कागद परत केला. मी विचारले, तेव्हा ‘तुम्हाला योग्य वाटेल ते ठेवा’ एवढेच म्हणाले. त्यानंतर ते बैठकीला येतात, पण पूर्वीसारखे बोलत नाहीत. मी शब्दकोश पाहिला. त्यात ‘स्पर्श करण्यास अयोग्य’ असा साधा अर्थ आहे आणि पुढे बहिष्कृत, अंत्यज, दलित, हरिजन, वाळीत टाकलेला असे समानार्थी शब्द आहेत. मग माझे चुकले काय आणि यांपैकी कोणता शब्द घालावा? आणखी एक अडचण अशी, की समितीतील एक ज्येष्ठ सदस्य सरांच्या आजोबांवरील लेखातला ‘अस्पृश्य’ शब्दही काढून तेथे ‘मागास बांधव’ असे करावे म्हणतात, म्हणजे वादच उरणार नाही.”

आदरणीय ताई,

आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि ती आपल्या समितीला कदाचित उलटी वाटतील. आपल्या दोन वाक्यांतून हा शब्द काढावा आणि सरांच्या लेखात तो आहे तसा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे आपणांस पटली, तर सरांशी बोलणे आपोआप सोपे होईल, म्हणून आधी कारणांकडे वळतो.

शब्दकोशाने आपली दिशाभूल केली असे मी म्हणणार नाही, परंतु समानार्थी शब्दांची यादी जेव्हा एका ओळीत स्वल्पविराम देऊन छापली जाते, तेव्हा ते शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येतात असा समज होतो, आणि या विषयात तो समज घातक आहे. बहिष्कृत, वाळीत टाकलेला, पतित, जातिबाह्य हे शब्द एका बाजूला आहेत, अस्पृश्य आणि अंत्यज दुसऱ्या बाजूला आहेत, आणि दलित व हरिजन हे तर या दोहोंनंतर, निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या हेतूंनी पुढे आणलेले शब्द आहेत. यांच्यातील फरक सौम्य-तीव्र असा नाही. माणूस बाहेर कोणत्या कारणाने गेला आणि त्याला परत येण्याची वाट होती की नव्हती, या प्रश्नाशी तो फरक बांधलेला आहे.

‘वाळीत टाकणे’ पाहा. ‘वाळणे’ म्हणजे वगळणे, टाकून देणे हे जुन्या मराठीतले क्रियापद, आणि वाळीत तोच टाकला जातो जो त्याआधी आत होता. त्याने काही केले, किंवा केले असे पंचांनी ठरवले, म्हणून रोटी-बेटी व्यवहार बंद झाला, पंक्तीतले पान उठले, अग्नी द्यायला भाऊबंद येईनासे झाले. पेशवाईत अशा तंट्यांना ‘ग्रामण्य’ म्हणत. शिक्षा भयंकर असे, पण तिच्या पोटात परतीची वाटही असे. प्रायश्चित्त घ्या, दंड भरा, जातीला जेवण घाला आणि पुन्हा पंक्तीत या. आपल्या त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे त्या निवृत्तिनाथांची आणि त्यांच्या भावंडांची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. वडील संन्यास सोडून संसारात परतले म्हणून ते कुटुंब वाळीत पडले, आणि परंपरा असे सांगते की मुले शुद्धिपत्र मागण्यासाठी पैठणला गेली. शुद्धिपत्र मागता येत होते, ते देऊ शकेल अशी सभा होती, हे येथे महत्त्वाचे आहे. चोखोबांना मागण्यासाठी असे कोणतेही पत्र नव्हते, कारण त्यांनी काही केलेलेच नव्हते. ते ज्या घरी जन्मले तोच त्यांच्यावरचा आरोप होता. पंढरपूरच्या मंदिराचे दार त्या घरात जन्मलेल्यांना १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले.

आता ‘अस्पृश्य’ या शब्दाची घडणच पाहा. संस्कृतातला ‘य’ प्रत्यय योग्यता सांगतो. पूज्य म्हणजे पूजेस योग्य, त्याज्य म्हणजे टाकण्यास योग्य. त्यामुळे ‘अस्पृश्य’ म्हणताना शिवणारा कोठेच दिसत नाही, न शिवण्याचा निर्णय कोणी घेतला तेही दिसत नाही, आणि दोष जणू त्या माणसाच्या कातडीतच आहे असे वाक्य तयार होते. ‘बहिष्कृत’ हे याच्या नेमके उलट आहे. ते ‘बाहेर केलेला’ असे सांगते, आणि असे म्हटले की ‘कोणी केला?’ हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली संस्था काढली तिचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ होते आणि १९२७ साली सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’. मला यात मोठी हुशारी दिसते. ज्यांना परतीची वाट कधी दिलीच गेली नाही, त्यांच्यासाठी ‘बाहेर केलेले’ हा शब्द वापरणे म्हणजे, ही अवस्था निसर्गाने दिलेली नसून कोणाच्या तरी हातची आहे, असे नावातच नोंदवणे होय.

आपण म्हणाल, शिवण्याचा निषेध तर सवर्ण घरांतही होताच. होता, आणि तोच या विषयाचा सर्वांत बोलका पुरावा आहे. सोवळ्यात असलेल्या आजीला कोणी शिवायचे नाही, सोयर-सुतकात दहा दिवस देवाला शिवायचे नाही, बाईला ‘कावळा शिवला’ की तिने बाजूला बसायचे, हे आपल्या पिढीने पाहिलेले आहे. पण सुतक फिटते, चौथ्या दिवशी न्हाणे होते, सोवळे बदलले की आजी नातवाला मांडीवर घेते. विटाळ या कल्पनेला घरातल्या माणसासाठी मुदत होती, आणि गावकुसाबाहेरच्या माणसासाठी मात्र ती नव्हती. कोणतेही पाणी त्याला पुरत नव्हते, उलट त्याच्या स्पर्शाने पाणीच बाटत होते. महाडला १९२७ साली सार्वजनिक तळ्याचे पाणी घेतले म्हणून लोकांवर हल्ला झाला आणि नंतर गोमूत्र-शेणाने तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली, ही घटना शब्दकोशातील ‘स्पर्श करण्यास अयोग्य’ या तीन शब्दांच्या खालीच वाचावी लागते. (बाईच्या विटाळाचे येथे मी समर्थन करतो आहे असे कृपया समजू नये. शबरीमला प्रकरणात २०१८ साली न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी मासिक पाळीवरून होणारी मनाई हीदेखील अस्पृश्यताच मानली, आणि त्याच पीठावरील न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी ते मान्य केले नाही. म्हणजे या शब्दाची हद्द कोठवर न्यावी, हा प्रश्न न्यायालयातही गंभीरपणे विचारला जातो.)

कायद्यानेही वाळीत टाकणे आणि अस्पृश्यता यांत भेद केलेला आहे, आणि तो आपल्यासारख्या संपादकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तेथे हा शब्द अवतरणचिन्हांत आहे, परंतु त्याची व्याख्या मात्र संविधानात कोठेही नाही. १९५८ साली तेव्हाच्या म्हैसूर उच्च न्यायालयापुढे जैन समाजातील एका व्यक्तीवरील बहिष्काराचे प्रकरण आले. न्यायालयाने त्या अवतरणचिन्हांकडेच बोट दाखवले आणि सांगितले की हा शब्द अक्षरशः घ्यावयाचा नाही. या देशात इतिहासक्रमाने जी प्रथा वाढली तीच त्यात अभिप्रेत आहे, आणि एखाद्या व्यक्तीवर तिच्या जातभाईंनी टाकलेला बहिष्कार तिच्यात बसत नाही. बहिष्कारासाठी मग वेगळे कायदे लागले. मुंबई प्रांताने १९४९ साली केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात घटनाबाह्य ठरवला, आणि त्यानंतर फार वर्षांनी महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा अधिनियम केला, जो २०१७ मध्ये अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्या कायद्यामागे जातपंचायतींविरुद्धची जी मोहीम होती ती २०१३ साली आपल्या नाशिकमधूनच उभी राहिली, हे आपणांस ठाऊक असेलच. अस्पृश्यतेसाठीचे कायदे निराळे आहेत. १९५५ चा अस्पृश्यता अपराध अधिनियम, जो १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. थोडक्यात, आपल्या स्मरणिकेत एखाद्या माजी विद्यार्थ्याने जातपंचायतीने आपल्या कुटुंबाशी व्यवहार तोडल्याचे लिहिले असेल, तर तेथे ‘वाळीत टाकले’ किंवा ‘बहिष्कृत केले’ हेच अचूक शब्द आहेत.

आता आपले पहिले वाक्य घ्या. प्रतिष्ठितांनी संस्थेला अस्पृश्य ठरवले, म्हणजे नेमके काय केले? आपल्या पत्रावरून दिसते ते इतकेच, की देणग्या दिल्या नाहीत, कार्यक्रमाला आले नाहीत, आपली मुले पाठवली नाहीत. यासाठी मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही. चार हात दूर ठेवले, जवळ केले नाही, नाक मुरडले, दखल घेतली नाही, अव्हेरले, दारात उभे केले नाही. जे घडले असेल त्याप्रमाणे यांतला एक निवडता येतो, आणि तो ‘अस्पृश्य’ या शब्दापेक्षा अधिक माहिती देतो. देणगी मागायला गेलेल्या शिक्षकांना कोणी ओटीवरूनच परत लावले असेल तर तेच लिहावे. वाचकाला ते विशेषणापेक्षा जास्त दिसेल. आपली संस्था दहा वर्षांनी नावारूपाला आली आणि तेच प्रतिष्ठित पुढे व्यासपीठावर बसले, असे आपणच पुढच्या परिच्छेदात लिहिले आहे. म्हणजे येथे परतीची वाट होती आणि ती आपण चालूनही आलात. ज्यांना ती वाट नव्हती त्यांचा शब्द आपल्या गाऱ्हाण्याला वजन यावे म्हणून घेणे, हीच सरांच्या पेन्सिलीखालची हरकत असावी असा माझा तर्क आहे.

वृत्तपत्रांनी या सवयीला बराच हातभार लावला आहे. अमुक पक्ष तमुक पक्षाला ‘राजकीयदृष्ट्या अस्पृश्य’ मानतो, अर्थसंकल्पात अमुक विषय ‘अस्पृश्य’ राहिला, असे मथळे आपण रोज वाचतो. ज्या पक्षाशी आज युती करायची नाही त्याच्याशी उद्या पहाटे शपथविधी होऊ शकतो, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. तेथे ‘युतीसाठी वर्ज्य’ म्हटले तरी पुरते, आणि न बोललेल्या विषयाला ‘विषयाला हात घातला नाही’ असे म्हणता येते. असाच प्रकार जगभर झाला आहे. तमिळ देशातील ‘परैयर’ हे जातिनाम, ज्याचा संबंध ‘परै’ नावाच्या ढोलाशी जोडला जातो, युरोपीय भाषांत (इंग्रजीत ‘पॅरिया’ म्हणून) गेले आणि आज ते नकोशा राष्ट्रांसाठी बिनदिक्कत वापरले जाते, ज्या माणसांचे ते नाव होते त्यांची कोणाला आठवणही नसते.

दुसऱ्या वाक्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, ती निव्वळ भाषांतरातील चूक आहे. इंग्रजीत जो शब्द समाजाने दूर लोटलेल्यांसाठी आहे तोच ज्याला कोणी गाठू शकत नाही अशा खेळाडूसाठीही वापरतात. मराठीत ‘अस्पृश्य’ कधीही वर नेत नाही, तो फक्त खाली ढकलतो. विक्रम ‘अबाधित’ असतो, खेळाडू ‘अजिंक्य’ असतो, किल्ला ‘अभेद्य’, ध्येय ‘आवाक्याबाहेरचे’, यश ‘अप्राप्य’, आणि शिखर किंवा अर्थ ‘अगम्य’. येथेही यादीवर डोळे मिटून विसंबू नये. ‘हाताबाहेर गेलेला’ म्हणजे न सापडणारा असे समजून कोणी विद्यार्थ्याच्या गौरवलेखात लिहिले, तर त्याच्या आईवडिलांना धक्का बसेल. सुरगाणा-पेठ भागातील पाड्यांसाठी ‘दुर्गम’ हा शब्द भूगोलाचा आहे; तेथील माणसांना मात्र ‘पोहोचण्यापलीकडचे’ म्हणू नये, कारण बहुतेक वेळा रस्ता आणि बस त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते आणि वाक्यात उणेपण त्यांच्याकडे जाते. आपल्या धावपटूसाठी ‘त्याचा विक्रम आजही कोणाला मोडता आलेला नाही’ एवढे साधे वाक्य पुरेसे आहे.

आता तिसरा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्येष्ठ सदस्यांचा हेतू चांगला असेल, परंतु ‘मागास बांधव’ हे शब्द सरांच्या लेखात घातले तर लेखाचा कणाच मोडेल. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराकडे जो प्रचंड मोर्चा गेला आणि ज्याच्यासमोर मंदिराची दारे बंद करण्यात आली, त्यातील लोक मागास होते म्हणून दारे बंद झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी चार दरवाजांवर बसली, भाऊराव कृष्णराव गायकवाड, म्हणजेच आपले दादासाहेब गायकवाड, यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पुढे वर्षानुवर्षे हा सत्याग्रह चालवला, आणि ९ एप्रिलला रामनवमीच्या उत्सवातील रथाच्या वादातून दगडफेक झाली, ती या लोकांच्या शिक्षणाची किंवा उत्पन्नाची पातळी कमी होती म्हणून नव्हे. ते अस्पृश्य मानले जात होते म्हणून. त्या जागी दुसरा कोणताही शब्द घातला की बंद दाराचे कारणच वाक्यातून नाहीसे होते आणि वाचणाऱ्या मुलाला वाटते, की काही गरीब लोक दर्शनाला गेले आणि काही कारणाने गडबड झाली. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, त्यातला ‘जन्मलो’ हा शब्दही याच कारणाने इतका जड आहे. प्रायश्चित्ताने सुटता येईल अशी ती अवस्था असती, तर त्या घोषणेची गरजच पडली नसती.

हवी असल्यास एक बारीक सुधारणा सरांना विचारून करता येईल. लेखकाच्या स्वतःच्या निवेदनात जेथे ‘अस्पृश्य लोक’ असे आहे, तेथे ‘अस्पृश्य मानले गेलेले’ किंवा ‘अस्पृश्य ठरवलेले’ असे लिहिले, तर मघाशी सांगितलेला हरवलेला कर्ता वाक्यात परत येतो. परंतु त्या काळातील पत्रके, अर्ज, भाषणे उद्धृत केली असतील तर त्यांतील एक अक्षरही बदलू नये, कारण सत्याग्रही स्वतः त्या काळी स्वतःला कोणत्या शब्दाने पुकारत होते हा इतिहासाचाच भाग आहे.

‘हरिजन’ या शब्दाविषयी मात्र मी अधिक कठोर आहे. आपल्या संस्थेच्या जुन्या इतिवृत्तांत तो असेल, तर उद्धृतात राहू द्यावा, आपल्या लेखणीने मात्र कोठेही घालू नये. गांधीजींनी तो सद्भावनेने रूढ केला, पण ज्यांच्यासाठी केला त्यांना विचारले गेले नव्हते. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांसंबंधीच्या विधेयकात हा शब्द आला, तेव्हा त्याला विरोध करायला उभे राहिले ते नाशिकचेच भाऊराव गायकवाड. बहुमताने त्यांची दुरुस्ती फेटाळली आणि डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी सभागृहातून बाहेर पडले. ज्या माणसाला आपण हाक मारतो आहोत त्याने ती हाक सभागृहात नाकारली आणि तरीही ती पुढे अनेक दशके सरकारी पाट्यांवर राहिली, याला काय म्हणावे! महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये घेतला. म्हणून स्मरणिकेतील देणगीदारांच्या पत्त्यांत अशी जुनी नावे राहिली असतील, तर तेथे आजचे नाव छापावे.

‘दलित’ हा शब्द या सर्वांहून वेगळ्या जातकुळीचा आहे. चिरडलेला, भरडलेला असा त्याचा अर्थ, आणि येथेही चिरडणारा कोण हा प्रश्न आतच दडलेला आहे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपल्या जाहीरनाम्यात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर आणि स्त्रिया यांनाही या शब्दाखाली घेतले, म्हणजे तो जातीचा दाखला न राहता लढ्याचा शब्द झाला. तरीही तो सर्वांना चालतो असे नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांना ‘बौद्ध’ हीच आपली ओळख वाटते आणि चिरडलेपणाचा शिक्का पुन्हा कपाळी नको असतो. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील याचिकेनंतर केंद्र सरकारने माध्यमांना ‘अनुसूचित जाती’ हा घटनात्मक शब्द वापरण्याची सूचना दिली, तेव्हा कित्येक कार्यकर्त्यांनी त्या सूचनेला विरोध केला, आणि मला तो विरोध रास्त वाटतो; कोणी स्वतःला काय म्हणावे हे परिपत्रकाने ठरत नसते. ‘अनुसूचित’ म्हणजे केवळ ‘यादीत असलेले’, १९३५ च्या भारत सरकार कायद्याबरोबर आलेला कार्यालयीन शब्द. शिष्यवृत्ती, आरक्षण, प्रवेशाचे आकडे यांबद्दल लिहिताना तो उत्तम आहे, पण माणसाच्या आठवणी लिहिताना रुक्ष वाटतो. आपल्या कामापुरता नियम एवढाच ठेवावा, की जिवंत व्यक्तीबद्दल लिहिताना तिने स्वतःसाठी वापरलेला शब्द घ्यावा, आणि तिच्या जातीचा उल्लेख मजकुराला आवश्यक नसेल तर कोणताच घेऊ नये. स्मरणिकांतील कौतुकाच्या लेखांत तो बहुधा आवश्यक नसतो.

‘वंचित’, ‘उपेक्षित’, ‘तळागाळातील’ हे शब्दही आपण कोठेकोठे योजल्याचे पत्रावरून दिसते. ‘वंचित’ म्हणजे ज्याचे मिळायचे ते हिरावले गेले तो, आणि ‘उपेक्षित’ म्हणजे ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही तो. शिवू न देणे ही उपेक्षा नव्हे. तिच्यात तर फार बारकाईने पाहिले जाते, सावली कोठे पडते येथपर्यंत. म्हणून एकाच्या जागी दुसरा नको. ‘तळागाळातील’ मात्र मला सभासमारंभाच्या भाषणांसाठी राखून ठेवावा असे वाटते, कारण तो बोलणाऱ्याला आपोआप वर बसवतो.

आता सरांशी कसे बोलावे. बैठकीत हा विषय काढू नका, कारण तेथे त्यांना सर्वांसमोर एकतर आपल्याला माफ करावे लागेल किंवा समाजाचे प्रतिनिधी होऊन भाषण करावे लागेल, आणि या दोन्हींपैकी काहीही आपल्या घरच्या दुःखाबद्दल करायला लावणे बरे नव्हे. त्यांच्याकडे जाताना दोन्ही वाक्ये आधीच बदलून न्या आणि दुरुस्त मुद्रित त्यांच्या हाती द्या. ‘यात चूक काय होती ते समजावून सांगा’ अशी विनंती करू नका. ते शिक्षक आहेत म्हणून हेही शिकवणे त्यांचेच काम, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते, परंतु त्यांनी रेघ मारून आपला भाग पुरा केला आहे. ‘सर, मी हा शब्द विचार न करता वापरला होता, आता बदलला आहे’ एवढे म्हणणे पुरे. ‘माझ्या मनात तसे काही नव्हते’ हे वाक्य कितीही खरे असले तरी गाळावे, कारण ते ऐकणाऱ्यावर आपली समजूत घालण्याचे ओझे टाकते. त्यानंतर त्यांच्या लेखाविषयी बोला. समितीत कोणता बदल सुचवला गेला आहे ते त्यांच्यापासून लपवू नका, आपले मत त्याविरुद्ध आहे हे सांगा, आणि अंतिम शब्द त्यांचा राहील असे आश्वासन द्या. ते लगेच पूर्वीसारखे बोलू लागतील याची हमी मी देऊ शकत नाही, आणि तशी अपेक्षा धरून जाऊही नये.

ज्येष्ठ सदस्यांना आपण असे सांगू शकता, की लेखाखाली सरांचे नाव जाणार आहे, त्यामुळे शब्दाची जबाबदारीही त्यांची आणि अधिकारही त्यांचा. संपादकाने शुद्धलेखन तपासावे, तारखा पडताळाव्यात आणि थांबावे. तरीही ते अडून बसले, तर लेखाच्या प्रारंभी दोन ओळींची संपादकीय टीप द्यावी, की या लेखातील संज्ञा त्या काळातील असून लेखकाच्या इच्छेनुसार तशाच ठेवल्या आहेत. ती टीपही छापण्यापूर्वी सरांना दाखवावी.